लेबनॉनच्या छावण्यांचे वेढे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कशाबद्दल आहे?

लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी युद्ध चाललं. त्यात पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांना वेगवेगळ्या मिलिशियांनी वेढे घातले, आत अन्न, पाणी, औषध जाऊ दिलं नाही आणि बाहेरून तोफा लावल्या. दोन प्रकरणं मोठी आहेत, एक १९७६ चं तल अल-झातर आणि दुसरं १९८५ ते ८८ चं, ज्याला तिथे 'छावण्यांचं युद्ध' म्हणतात. आपल्याकडे सब्रा-शातिला हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं पण ते १९८२ चं हत्याकांड. त्याच शातिलावर नंतर तीनदा वेढा पडला आणि शेवटचा तर महिनोन्‌महिने चालला हे फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलंय.

पॅलेस्टिनी लोक लेबनॉनमध्ये आलेच कसे?

१९४८ साली इस्रायल स्थापन झालं तेव्हाच्या युद्धात साडेसात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घर सोडून गेले किंवा हाकलले गेले, त्यातले साधारण एक लाख उत्तरेकडे लेबनॉनमध्ये आले. बहुतेक गॅलिलीच्या गावांमधले शेतकरी. किल्ल्या खिशात ठेवून आलेले, चार-आठ दिवसांत परत जाऊ म्हणून. १९५० पासून त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची वेगळी एजन्सी आहे, उन्रवा, जी शाळा, दवाखाने आणि रेशन बघते.

छावणी म्हणजे तंबू ना?

सुरुवातीला तंबूच होते. पण तीस-चाळीस वर्षं माणसं तंबूत राहत नाहीत. सिमेंटच्या विटांच्या खोल्या झाल्या, वर पत्रा, मग त्यावर अजून एक मजला, दोन माणसं समोरासमोरून जाऊ शकणार नाहीत अशा गल्ल्या, डोक्यावर वायरींचं जाळं. १९८० च्या दशकातली शातिला ही बैरूतच्या दक्षिण भागातली एक अतिशय दाट वस्तीच होती, फक्त हद्द ठरलेली आणि चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या उंच इमारती. हे 'उंच इमारती' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग छावण्यांमध्ये शस्त्रं कुठून आली?

१९६९ च्या नोव्हेंबरमध्ये कैरो करार झाला, लेबनॉनचं सैन्य आणि पीएलओ या पॅलेस्टिनी संघटनांच्या आघाडीचे प्रमुख यासर अराफात यांच्यात. त्यात लेबनॉनने छावण्यांचा कारभार जवळपास पीएलओकडे सोपवला आणि दक्षिणेतून इस्रायलविरुद्ध कारवाया करायची मोकळीकही दिली. पुढच्याच वर्षी जॉर्डनच्या राजाने पीएलओला तिथे झोडपलं आणि लढवय्ये उठून लेबनॉनला आले. लेबनॉनमधल्या बऱ्याच लोकांना हे आवडलं नाही आणि खरं सांगायचं तर त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता, स्वतःच्या देशात दुसऱ्याचे चेकपोस्ट कोणाला आवडतील आणि इस्रायलचा मार बसायचा तो दक्षिणेतल्या शिया खेड्यांना. पण त्या रागाची किंमत रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकापोरांनी मोजली.

मिलिशिया म्हणजे नक्की कोण? गुंडांच्या टोळ्या?

टोळ्या म्हटलं की चित्र चुकतं. हे पक्ष होते, त्यांची ऑफिसं होती, रेडिओ स्टेशनं होती, बंदरावर वसुली होती, पगारी माणसं होती. ख्रिश्चन बाजूला पियर जमायलचा कताएब म्हणजे फलांज, कमील शमूनचे 'टायगर्स', सीडरचे रक्षक वगैरे. शिया बाजूला अमल, मूसा सद्र यांनी उभी केलेली आणि १९८० पासून नबीह बेर्री यांच्या हाताखालची. द्रुझ या वेगळ्या धार्मिक पंथाची वालीद जुंबलाटची पार्टी. शिवाय पॅलेस्टिनींच्या स्वतःच्या दहा संघटना आणि त्यांच्यातही आपापसात मारामाऱ्या. सरकारी सैन्य मधेच फुटलं आणि त्यातल्या ब्रिगेडी पण आपापल्या पंथाकडे झुकल्या.

तल अल-झातरला काय झालं?

पूर्व बैरूतच्या कारखान्यांच्या पट्ट्यातली ही छावणी. तिथे पॅलेस्टिनी होतेच पण दक्षिणेतून कामाच्या शोधात आलेले गरीब लेबनीज शियाही होते. अडचण अशी की आजूबाजूचा सगळा भाग ख्रिश्चन मिलिशियांचा आणि त्यांना आपला इलाखा एकसंध पाहिजे होता. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी करंतीना नावाची गरीब वस्ती साफ केली, त्याला उत्तर म्हणून दोन दिवसांनी पॅलेस्टिनी आणि त्यांच्या साथीदारांनी दामूर या ख्रिश्चन गावात कत्तल केली. तल अल-झातरचा रस्ता तेव्हापासूनच आवळला जात होता.

२२ जूनला पूर्ण हल्ला सुरू झाला आणि १२ ऑगस्टला छावणी पडली, मधे ५२ दिवस. जूनमध्येच सीरियाचं सैन्य लेबनॉनमध्ये घुसलं होतं आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, ते आलं ख्रिश्चन मिलिशियांना वाचवायला, कारण सीरियाचा राष्ट्राध्यक्ष हाफिज असदला लेबनॉनमध्ये डाव्या आणि पॅलेस्टिनी आघाडीचं राज्य नको होतं.

आतल्या लोकांना सगळ्यात जास्त मारलं ते पाण्याने. नळ मोजकेच आणि ते स्नायपरच्या टप्प्यात. रात्री बायका डबे घेऊन जायच्या, जेवढ्या गेल्या तेवढ्या परत यायच्या असं नव्हतं. पुरुष मोर्च्यावर होते आणि पुरुष दिसला की गोळी नक्की म्हणून पाणी हे बायकांचं काम झालं होतं. खायला बहुतेक मसूर, रोज मसूर. वाचलेल्या माणसांच्या आठवणी ऐकल्या तर त्यात नळ आणि मसूर या दोन गोष्टी हमखास येतात. लहान मुलं गोळ्यांपेक्षा तहानेने आणि जुलाबाने जास्त गेली असं सांगणारेही आहेत.

ऑगस्टच्या सुरुवातीला रेडक्रॉसला तीनशेच्या आसपास जखमी बाहेर काढता आले, मग गोळीबार झाला आणि ते थांबलं. शेवटी बाहेर पडायला वाट देण्याचं ठरलं आणि लोक निघाले तेव्हा रस्त्यातल्या चेकपोस्टवर पुरुषांना, तरुण मुलांना वेगळं काढून मारलं, नर्स-डॉक्टरांनाही सोडलं नाही. मृतांचा आकडा साधारण दीड ते तीन हजार असा सांगितला जातो. छावणी बुलडोझरने सपाट केली. वाचलेल्या बऱ्याच कुटुंबांना नंतर दामूरमध्ये नेऊन बसवलं, तेच दामूर, जिथली माणसं आधी मारली किंवा हाकलली होती. एका उजाड गावात दुसऱ्या उजाड वस्तीतली माणसं.

सब्रा-शातिला हा वेढाच होता ना?

तांत्रिकदृष्ट्या नाही. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायली सैन्य बैरूतला पोहोचलं, पीएलओचे लढवय्ये करार करून जहाजांनी निघून गेले, आणि १६ ते १८ सप्टेंबरला इस्रायली सैन्याने भोवती कडं केलेलं असताना फलांजचे लोक आत शिरले. ते तीन दिवसांचं हत्याकांड होतं, मृतांचा आकडा काहीशे ते साडेतीन हजार इतका वेगवेगळा दिला जातो. त्याचा पुढच्या वेढ्यांशी संबंध असा की तेव्हा पीएलओ निघून गेली होती आणि छावणीत हत्यारं जवळपास नव्हती. लोकांनी त्यातून एकच धडा घेतला, पुन्हा हत्यार खाली ठेवायचं नाही. १९८५ ला अमलने 'हत्यारं द्या' म्हटल्यावर ते का ऐकलं नाहीत, याचं उत्तर इथेच आहे.

अमल तर मुसलमानांचीच ना? मग त्यांनी पॅलेस्टिनींना का वेढलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो येतो कारण आपण हे युद्ध 'ख्रिश्चन विरुद्ध मुस्लिम' असं डोक्यात बसवून घेतलेलं असतं. ते तसं नव्हतंच, निदान १९७६ नंतर तर अजिबात नव्हतं.

अमलची माणसं म्हणजे दक्षिणेतली गरीब शिया, ज्यांची गावं पीएलओ-इस्रायलच्या मारामारीत सत्तर सालापासून भाजून निघत होती. ते स्वतःही विस्थापित होऊन बैरूतच्या दक्षिणेतल्या झोपडपट्ट्यांत आले होते, म्हणजे छावण्यांच्या अगदी शेजारी, बऱ्याचदा एकाच गल्लीच्या अल्याड-पल्याड. ८२ नंतर अराफातचे लोक हळूहळू परत यायला लागले तेव्हा अमलला वाटलं की जुने दिवस परत येणार. आणि दमास्कसला, म्हणजे सीरियाच्या सरकारला, तर अराफात डोळ्यासमोर नको होता, १९८३ मध्ये सीरियाने त्याला उत्तर लेबनॉनमधल्या त्रिपोलीतून हाकललं होतं. असदला छावण्या आपल्या मुठीत हव्या होत्या पण स्वतःचे हात न भरता, म्हणून अमलला रणगाडे दिले आणि पुढे केलं. लेबनीज सैन्याची सहावी ब्रिगेड, जी बहुतांश शियांची होती, तीही अमलच्या बाजूने उतरली.

१९ मे १९८५ च्या रात्री सुरू झालं, दुसऱ्या दिवशी रमजान लागणार होता. बैरूतमधल्या सब्रा, शातिला आणि बुर्ज अल-बराजनेह (थोडक्यात बुर्ज) यांना वेढा पडला. सब्रातलं गाझा हॉस्पिटल अमलने ताब्यात घेतलं, सब्राचा पॅलेस्टिनी भाग जवळपास संपला तो कायमचा. शातिलाचा बराचसा भाग पडला पण मशिदीभोवतीचा एक तुकडा टिकला. जूनच्या मध्यात दमास्कसमध्ये समझोता झाला. मग मे ८६ ला पुन्हा महिनाभर. आणि ८६ च्या शरद ऋतूत तिसरा, सगळ्यात लांब, तो आधी दक्षिणेत सूर शहराजवळच्या रशिदियेहला सुरू झाला, मग बुर्ज, मग शातिला.

वेढा म्हणजे रोजच्या रोज नेमकं काय होतं?

आपल्याला वेढा म्हटलं की पन्हाळा आठवतो, सिद्दी जौहर, १६६०. पण किल्ला वेढ्यासाठीच बांधलेला असतो, धान्याची कोठारं, पाण्याची टाकी, तट, आणि आत मुख्यतः शिबंदी. छावणीत यातलं काहीच नाही. पाणी बाहेरच्या पाइपातून, वीज बाहेरच्या वायरीतून, पीठ बाहेरच्या ट्रकमधून. एक व्हॉल्व्ह बंद केला की झालं. आणि आत शिबंदी थोडी, बाकी म्हातारी माणसं, पोरं, बाळंतिणी.

मिलिशियाच्या बाजूने बघितलं तर वेढा स्वस्त पडतो. गल्लीबोळात घुसून लढायचं म्हणजे आपली पोरं मरतात आणि मिलिशियाच्या पोरांच्या आया मोहल्ल्यातच राहतात, त्या कमांडरच्या दारात येऊन बसतात. त्यापेक्षा भोवतीच्या सात-आठ मजली इमारतींवर स्नायपर बसवा, रस्त्यावर चेकपोस्ट टाका, दिवसाकाठी काही तोफगोळे फेका आणि वाट बघा. शूरपणाचं यात काही नाही, हा शुद्ध हिशोब आहे.

आतल्यांनीही पहिल्या दोन फेऱ्यांतून शिकून घेतलं होतं. मधल्या महिन्यांत घराघरांत पीठ, डाळी, डबे, डिझेल साठवलं, घरांखाली खंदक आणि बोगदे खणले, भिंतींना भोकं पाडली म्हणजे गल्लीत न येता या घरातून त्या घरात जाता यावं. शातिलात तिसऱ्या वेढ्यात काही हजार माणसं एका अगदी छोट्या तुकड्यात होती आणि वरचे मजले एकेक करून ढिगारा होत गेले तसे सगळे जमिनीखाली गेले. मेलेल्यांना पुरायचं कुठे हा प्रश्न आला कारण कब्रस्तान बाहेर. तेव्हा मशिदीच्या आतली फरशी उकरून तिथे पुरलं. त्या कबरी आजही मशिदीतच आहेत.

आणि पुन्हा बायका. बुर्जमधून वेढा थोडा सैल झाला तेव्हा फक्त बायकांना बाहेर जाऊन सामान आणायची परवानगी होती. पिशव्या घेऊन बाहेर पडायचं, चेकपोस्टवर झडती, शिव्या, कधी सामान जमिनीवर ओतून टाकायचे, आणि परत येताना त्याच वाटेवर गोळी. कित्येकजणी अशाच गेल्या. ज्या वाचल्या त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या, कारण घरात पोरं होती.

डॉक्टर होते का आत?

होते, पॅलेस्टिनी डॉक्टर-नर्स होतेच आणि काही बाहेरचेही. शातिलात ख्रिस जियानू हा कॅनेडियन सर्जन, बुर्जमधल्या हैफा हॉस्पिटलमध्ये ब्रिटिश सर्जन पॉलीन कटिंग, स्कॉटलंडची नर्स सुझन वायटन आणि डच नर्स बेन आलोफ्स. जनरेटरला डिझेल पुरवून वापरायचं म्हणून कधी ऑपरेशन करायचं हे सुद्धा ठरवून करावं लागायचं. १९८७ च्या सुरुवातीला बुर्जमधल्या या परदेशी लोकांनी वायरलेसवरून निवेदन बाहेर पाठवलं की इथे लोक उपाशी आहेत, कुत्री-मांजरं खायची वेळ आलीय. जगभरच्या पेपरात ते आलं तेव्हा कुठे हालचाल झाली. मला यातलं खटकतं ते हे की तेच पॅलेस्टिनी लोक आधीपासून ओरडून सांगत होते, ते कोणी छापलं नाही.

माणसाचं मांस खाण्याची परवानगी मागितली होती हे खरं का?

हो, फेब्रुवारी १९८७ मध्ये छावणीतून धर्मगुरूंकडे अशी विचारणा झाल्याच्या बातम्या जगभर आल्या होत्या. पण विचारणा झाली म्हणजे खाल्लं असं नाही. बऱ्याच ठिकाणी हे मसालेदार करून लिहिलेलं असतं, तसं पुढे ढकलू नका. बाहेरच्या धर्मगुरूंना लाज वाटावी हाही त्या विचारण्यामागचा हेतू असणार असं माझं मत.

हिजबुल्ला कोणाच्या बाजूने होती?

अमलच्या बाजूने नव्हती. तेव्हा ती नवीन होती, इराणचा वरदहस्त, आणि तिचं म्हणणं इस्रायलशी लढायचं सोडून हे काय चाललंय. जुंबलाटची द्रुझ माणसंही पॅलेस्टिनींना आतून मदत करत होती. पुढे अमल आणि हिजबुल्ला स्वतःच एकमेकांवर तुटून पडले, पण तो वेगळा विषय आहे.

लोक पळून का गेले नाहीत?

कुठे जाणार? भोवती चेकपोस्ट, ओळखपत्रावर 'पॅलेस्टिनी' लिहिलेलं, आणि बोलण्याच्या लकबीवरूनही पकडायचे. शिवाय ज्यांचं एकदा घर गेलंय ते दुसऱ्यांदा सोडताना दहा वेळा विचार करतात. गेलेही बरेच, संधी मिळाली तेव्हा. राहिले ते सगळे हिंमतवान म्हणून राहिले असं नाही, बऱ्याच जणांना पर्यायच नव्हता.

संयुक्त राष्ट्रं काय करत होती?

उन्रवाकडे पोलीस नाहीत, सैन्य नाही, तिचं काम रेशन आणि शाळा. ट्रक घेऊन दारात जायचं, मिलिशियाने परत पाठवलं की परत फिरायचं. दक्षिणेत शांतिसेना होती, युनिफिल, पण तिचं काम वेगळं होतं. तिच्यात भारतीय बटालियन १९९८ पासून आहे, म्हणजे या वेढ्यांच्या दहा वर्षांनंतर, हे सांगतो कारण 'आपले जवान तेव्हा तिथे होते ना' असं विचारलं जातं. नव्हते.

वेढा उठला कसा?

हळूहळू आणि तुकड्यातुकड्याने. नोव्हेंबर ८६ मध्ये पॅलेस्टिनी लढवय्यांनी सैदाजवळचं मग्दूशेह हे टेकडीवरचं गाव घेतलं, अमलला तिकडे गुंतवायला. फेब्रुवारी ८७ मध्ये पश्चिम बैरूतमध्ये मिलिशियाच एकमेकांत भिडल्या आणि सीरियाचं हजारोंचं सैन्य शहरात शिरलं. एप्रिलमध्ये ते छावण्यांभोवती उभं राहिलं आणि खाणं आत जाऊ लागलं. पण पुरुषांना बाहेर पडायची मुभा नव्हतीच. डिसेंबर ८७ ला गाझा आणि वेस्ट बँकेत इंतिफादा म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव सुरू झाला, तिथे पोरं दगड घेऊन इस्रायली सैन्यासमोर आणि इथे आपण पॅलेस्टिनींना कोंडून बसलोय हे फारच लाजिरवाणं दिसायला लागलं, तेव्हा जानेवारी ८८ मध्ये बेर्रींनी वेढा उठवत असल्याचं जाहीर केलं.

आणि मग काय झालं? त्याच उन्हाळ्यात सीरियाच्या पाठिंब्यावरच्या अबू मूसाच्या पॅलेस्टिनी गटाने शातिला आणि बुर्ज अराफातच्या माणसांकडून हिसकावून घेतलं. तीन वर्षं अमलला जे जमलं नाही ते पॅलेस्टिनींनीच पॅलेस्टिनींचं केलं.

एकूण किती लोक गेले?

लेबनीज सरकारचा अमल-पॅलेस्टिनी लढाईचा आकडा ३,७०० च्या वर मृत आणि सहा हजारांच्या वर जखमी. यात दोन्ही बाजूंचे आले. खरा आकडा यापेक्षा मोठा असावा असं बरेच जण म्हणतात, छावणीतल्या माणसांची नोंद ठेवायची कोणाला पडली होती.

उपाशी मारणं हा गुन्हा नाही का?

आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या दुसऱ्या जोड-करारात देशांतर्गत युद्धातही नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायला मनाई आहे. २०१८ ला सुरक्षा परिषदेचा २४१७ नंबरचा ठराव आला आणि २०१९ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात यादवी युद्धातली उपासमारही युद्धगुन्हा म्हणून घालायचं ठरलं. ज्या देशांनी ती दुरुस्ती मान्य केलीय त्यांच्यापुरतीच ती लागू आहे, ही त्यातली गोम.

मग शिक्षा कोणाला झाली?

कोणालाही नाही. १९९१ मध्ये लेबनॉनच्या संसदेने माफीचा कायदा केला, युद्धातले बहुतेक गुन्हे पुसले गेले. मिलिशियांचे पुढारी सूट घालून मंत्री झाले. नबीह बेर्री १९९२ पासून संसदेचे सभापती आहेत.

असे वेढे आता होतात का?

होतात, आणि पद्धत तीच. सीरियात दमास्कसजवळची यारमूक, जिथे युद्धाआधी दीड लाखाच्या वर पॅलेस्टिनी राहायचे, तिला २०१३ पासून सरकारी फौजांनी आणि त्यांच्या बाजूच्या पॅलेस्टिनी गटांनी वेढलं, आत १८-२० हजार लोक उरले. जानेवारी २०१४ मधला तो रेशनच्या रांगेचा फोटो, पडक्या इमारतींच्या मधून माणसांची नदी, तो तुम्ही पाहिला असेल.

सुदानमध्ये दारफुरच्या अल-फाशेरला आरएसएफ या निमलष्करी फौजेने २०२४ पासून वेढलं. शहराबाहेरच्या झमझम छावणीत लाखो विस्थापित होते, कायद्याच्या भाषेत ते निर्वासित नाहीत कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडली नव्हती, पण भुकेला हा फरक कळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफने छावणी जाळत ताब्यात घेतली आणि ऑक्टोबरमध्ये शहरही पडलं. शेवटच्या महिन्यांत तिथली माणसं तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड खात होती, जी आपल्याकडे गाई-म्हशींच्या पुढ्यात टाकतात. नंतर नंतर ती पेंडही मिळेनाशी झाली.